बांगडीची निशाणी

गायधनी गुरुजींच्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवते.
पानाला अकरा रुपये.
खिडकीखाली गंगेवर बुधवारचा बाजार,
मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणाऱ्या बायका,
आणि माझ्यासमोर लाल कापडातून सुटलेले
दीडशे वर्षांचे लोक.

पहिल्या दिवशी टाइप केलं :
यसवदा भ्रतार रामजी, मौजे वडाळी भोई.
डोळ्याचं पातं लवेपर्यंत यसवदाची यशोदा झाली.
भ्रतारखाली तांबडी नागमोडी रेघ आली
आणि शेजारी नम्रपणे सूचना : प्रतारणा?
असेलही.
पण ते मी ठरवायचं नाही, एडिटरनं तर नाहीच.

यसवदेच्या नावापुढे बांगडीची निशाणी होती.
लिहिता न येणाऱ्या बाईसाठी
कुणा कारकुनानं काढून दिलेलं वाटोळं,
एका बाजूला किंचित चेपलेलं.
मी तिथं शून्य टाकलं, एंटर मारला.
खालच्या ओळीला आपसूक दुसरं शून्य.
मग तिसरं.
रामजीच्या हातात बांगडी, भिकाजीच्या हातात बांगडी,
वडाळीच्या पाटलाच्यासुद्धा.
गुरुजी हसता हसता खोकले
आणि म्हणाले, हे यंत्र फार शिकलेलं दिसतंय.

सातपूरला रात्रपाळीवर असलेला भाचा
फोनवर ओरडून सांगत होता, मागे मशीन धडधडत होतं :
मावशी, सेटिंगची फाइल उघड,
जिथं ट्रू दिसेल तिथं फॉल्स कर.

मग बसले.
पुढचा शब्द सुचवणं, फॉल्स.
आपोआप यादी, फॉल्स, फॉल्स,
(दोन ठिकाणी लपली होती.)
उघडल्या उघडल्या स्वागताला येणारं पान,
रामकुंडावर रिक्षातून पाय खाली टेकायच्या आत
'गाव कोणतं, आडनाव काय' विचारणाऱ्या पोरांसारखं,
तेही.
कोपऱ्यात चमचमणारा मदतनीस म्हणाला,
मी लिहून देऊ का?
अरे बाबा,
यांच्या वतीनं एकदा दुसऱ्यानंच लिहिलंय.
आता निदान उतरवू तरी दे.

एक ओळ जास्तीची पुसली गेली
तर जोडाक्षरं सुटी झाली,
त्र्यंबक काठी टेकत लंगडत आला,
त्‌ र्‌ यं ब क.
ती ओळ हात जोडून परत ठेवली.

पहाटे पडदा पांढरा, मुका.
तीर्थाच्या ठिकाणी बसून
एका रात्रीत मी चौसष्ट वेळा खोटं लिहिलं होतं
आणि वही पहिल्यांदा खरी दिसत होती.

पंधरा दिवसांनी अपडेट आलं,
सगळे पुन्हा दारात उभे. टिळे लावून.
पुन्हा फॉल्स.
आता ती फाइल मी वेगळी जपून ठेवते,
मिसळणाच्या डब्याच्या किल्लीसारखी नव्हे,
त्याहून जास्त.

परवा चांदवडकडचा एक माणूस आला,
मुंडण करून, ओल्या पंचानं कानामागचं पाणी टिपत.
आजीच्या आजीचं नाव विचारलं तर म्हणाला, यसवदा.
घरात तसंच म्हणत आले, त्याचं बरोबर काय ते मला ठाऊक नाही.
मी शोधलं. एका फटक्यात सापडली.
वडाळी भोई, भ्रतार रामजी,
पुढं शून्य.
त्यानं काचेवर बोट ठेवलं :
हे काय?
मी सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, माझ्या आईच्या मनगटाला
पाटल्या बसत नव्हत्या, हाडं रुंद होती.
त्याचा यात काय संबंध, मी विचारलं नाही.

नव्या नोंदीसाठी त्यानं स्वतःचं नाव
कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं, दत्तात्रय,
त्र वर मात्रा नाही.
मी तसंच उतरवलं.
खाली काहीही उमटलं नाही.

कर्सर तेवढा लुकलुकत राहिला.
तो घालवायची ओळ कुठं आहे
मला माहीत नाही,
आणि भाच्याला मी अजून विचारलेलं नाही.