समासात

एका पत्र्याच्या डब्याला इथे दोन खोल्या म्हणतात,
मधे चादर टांगलीय म्हणून.
अलीकडे मी, गेघाम आणि वीस प्रश्न.
पलीकडे त्याची आई बटाटे सोलते आहे.
सुरी चालते, थांबते, चालते.

शिराकच्या पठारावर मार्चमध्येही बर्फ हलत नाही.
पेनातली शाई गोठलेली. मी ते तोंडाशी धरून फुंकर घालते,
मग शिकवलं तसं, सपाट आवाजात:
गेल्या महिन्याभरात असं किती वेळा झालं ते सांगायचं.
शून्य म्हणजे कधीच नाही,
चार म्हणजे जवळजवळ रोज.
यात चूक-बरोबर काही नसतं.
हे वाक्य ऐकून मुलं जास्तच बिचकतात,
शाळेत त्यांना असं कोणी सांगितलेलं नसतं.

गेघाम अकरा वर्षांचा. कानटोपी काढत नाही.
खुर्ची त्याने आधीच दाराकडे फिरवून घेतलीय.

नको असताना ते सगळं डोळ्यांपुढे येतं का?
"नाही."
आठवण येईल अशा जागी जायचं टाळतोस?
"कुठल्या जागा? त्या आता नाहीत."
हे कुठल्या रकान्यात भरू?
हे प्रश्न ज्याने लिहिले
त्याच्या गावात भूकंपानंतरही
टाळण्यापुरत्या भिंती उभ्या असणार.

आईचा कागद कालच भरून झालाय.
झोप बरी. भूक बरी. शहाणा झालाय फार,
बहिणीचं नावसुद्धा काढत नाही.
खाली ठसठशीत सही. बेरीज सहा.
सहाला आमच्याकडे काळजी करत नाहीत.

नवव्या प्रश्नाला शेगडीचं झाकण खणकन पडलं.
खुर्ची रिकामी. मुलगा दारात,
एक हात कडीवर.
आणि कडी न सोडताच म्हणाला,
"दचकत नाही मी."
चादरीपलीकडे सुरी थांबलेली.

परत येऊन बसला. खिशातून चघळलेली पेन्सिल काढली.
"पुढचं विचारा."
वाईट स्वप्नं पडतात?
"कधीच नाही," चादरीकडे तोंड करून, मोठ्याने,
आणि कागदावर, चाराभोवती,
आवाज न करता एक गोल.

मग आम्ही सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा घेतले.
मी विचारायचं, त्याने नाही म्हणायचं,
आईला ऐकू जाईल इतपत.
गोल वाढत गेले.
सुरी पुन्हा चालू झाली.

जे झालं त्यात आपली चूक होती, असं वाटतं?
"नाही."
पेन्सिल बराच वेळ कागदाला टेकून राहिली.
गोल काढलाच नाही त्याने.
समासात, बारीक अक्षरात:
डबा विसरलो होतो. हेर्मिने द्यायला आली.

मी कागद पालथा घातला.
शिकवलेलं कुठलंच वाक्य आठवेना.
"किती झाले?" त्याने विचारलं, गणिताच्या तासाला विचारतात तसं.
अजून मोजले नाहीत, म्हटलं.
तो टोपीच्या आत कान खाजवत बसला.

आई रस्त्यापर्यंत सोडायला आली.
"काही बोलला नाही ना?"
नाही, म्हटलं. खरंच होतं ते.
"बरं."
पाच-दहा पावलं नुसता बर्फ वाजला पायाखाली.
मग, माझ्याकडे न बघता:
"डबा मीच दिला होता तिच्या हातात.
तिची शाळा दुपारची. झोपली होती,
मी उठवलं.
राहू द्यायचा होता डबा.
एक दिवस उपाशी राहिला असता, एवढंच ना.
दोन उकडलेली अंडी होती."

माझ्या पिशवीत तिचा कागद, त्याला चिकटून त्याचा.
तिला सांगावं की सांगू नये, आणि सांगायचं तर कोणी?
एक ट्रक गेला. आम्ही दोघी बाजूला झालो,
गरजेपेक्षा बऱ्याच लांब.

"कालचा कागद," ती म्हणाली, "बदलता येतो का?"
येतो, म्हटलं. पिशवी उघडली.
पेन पुन्हा गोठलेलं.
तिने ते माझ्या हातातून घेतलं,
तोंडाशी धरलं,
आणि फुंकर घालत राहिली.