एक लिटर राखाडी

मर्विन गिलिलँड दुकानात आला तेव्हा
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.
किलकील हे बंदराचं गाव, मला वाटलं मासळी असेल.
निघालं फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीचं झाकण.

"हा रंग हवाय," म्हणाला. "बाहेरचा नव्हे. आतला."

बाहेर कुणा जुन्या मालकाने फासलेला लाल,
त्याखाली होडी रंगवून उरलेला निळा,
त्याखाली गंज, जो कुणालाच विकत घ्यावा लागत नाही.
आणि आत, बिजागरीपाशी,
वाळल्या ग्रीसच्या पापुद्र्याखाली
एकोणीसशे एकावन्नपासून अंधारात बसलेला
अंगठ्याएवढा राखाडी.

आमच्याकडे रंगाचं नाव जपून काढतात.
फुटपाथच्या कडा कुठल्या रंगाच्या, ते पाहून
गल्लीत वळायचं की सरळ जायचं ते ठरतं.
मर्विन त्या बाजूचा, मी ह्या बाजूची.
राखाडीवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही,
म्हणून आम्ही दोघं मनसोक्त भांडलो.

यंत्राने आकडा दिला. मी रंग कालवला:
पांढरा, काळा, हळदीच्या बोटाइतका पिवळा,
काडीने ठिपका दिला, ड्रायरने वाळवला.
ठिपका डागात असा मिसळला
की शोधायला नख लावावं लागलं.

"जमलं," मी म्हटलं.
तो एक डोळा मिटून बघत होता.
मग दुसरा.
मग पुन्हा पहिला.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सप्टेंबरात काढलेला,
डाव्याची तारीख अजून यायची होती.
"ह्या डोळ्याला पारवा दिसतो," म्हणाला,
"आणि ह्याला, दूध जास्त झालेला चहा.
हेस्टर आत्याचा ट्रॅक्टर चहासारखा नव्हता."

मी सांगितलं, रंगाचंही असंच होतं, मर्विन.
अंधारात कोंडला की पिवळा पडतो,
उजेडात ठेवला तर हळूहळू शुद्धीवर येतो.
पंधरा दिवस खिडकीत ठेवा.
"इथल्या उजेडात?" तो म्हणाला. "ईस्टर उजाडेल."

ईस्टरच्या आधीच आला.
डाग खरंच निवळला होता,
डावा डोळा होता तसाच.
मी नव्याने कालवला, पिवळा जवळजवळ नाहीच.
त्याने मान हलवली, हो नाही की नाही नाही.

मग एकदम म्हणाला,
आत्या नांगरट करायची, मी मडगार्डवर बसायचो,
नऊ वर्षांचा, मडगार्ड घट्ट धरून.
जेवायच्या वेळी ट्रॅक्टर बांधावर सोडून आम्ही घरी जायचो,
आणि परत आलो की तो दिसायचाच नाही.
मागे समुद्र, वर आभाळ, मध्ये ट्रॅक्टर,
तिन्ही एकाच डब्यातले.
आत्या शिव्या देत बांधावर चालायची,
गरम इंजिनाचा वास येईपर्यंत.

हे आधी सांगायचं ना, मी म्हटलं.

अख्खं झाकण रंगवलं. दुकानाला कडी घातली.
धक्क्यावर वारा असा की बोलणं तोंडातच राहावं.
दोन पोरं जाळी धूत होती,
त्यांनी पाहिलं आणि मग सभ्यपणे पाहणं सोडलं.
मर्विनने हात लांब करून
झाकण पाण्यावर धरलं, आभाळासमोर.
निळसर. अजून निळसर.
मी डबा उघडून काडीभर काळा सोडला,
पुन्हा फासलं, ओलंच धरलं.

एक ढग मोर्न डोंगरावरून खाली आला.
झाकणाची वरची कड गेली.
मग बाजूची.
मग मला फक्त मर्विनचा अंगठा दिसत होता,
लाल, थंडीने सुजलेला,
आभाळाला कशाचाही आधार न घेता चिकटलेला.

"कुठला डोळा मिटलाय?" मी ओरडून विचारलं.

दोन्ही उघडे होते.

पावतीवर रंगाचं नाव लिहायला जागा असते.
मी तिथे 'हेस्टर' लिहिलं, एक लिटर,
आणि काळ्याचे पैसे लावले नाहीत.