सव्वा सूत

दुकानात शिरलो तेव्हा खिशात फिलर गेज होता.
मुद्दाम घेतला नव्हता. बावीस वर्षं तो तिथंच असतो,
सुट्टीच्या सोमवारीसुद्धा,
रुमालाखाली.

"पोराला बघतासा?" अत्तारचाचांनी विचारलं.
"मलाच."
ते हसले नाहीत.
चष्मा कपाळावरून खाली आणला
आणि माझ्या हातांकडं पाहिलं.

भिंतीवर चौदा गिटारी.
लक्ष्मीपुरीतनं टेम्पो हॉर्न मारत गेला
की सगळ्या जरा गुणगुणायच्या,
कुणी हात न लावता.

लाल आधी मागितली.
का, तर खंडेनवमीला
लेथला झेंडूचा हार, सगळी यंत्रं बंद,
आणि आयटीआयचा तो मगदुमांचा पोरगा
ऑइलच्या डब्यावर बसून लाल गिटार वाजवत होता.
उद्यमनगरात एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.
पोरगा पुढं चाकणला गेला.
लाल रंग तेवढा डोक्यात राहिला.

चाचांच्या नातवानं, सुहेलनं, लाल काढून वाजवली.
झकास.
पिवळी वाजवली. झकास.
काळी, जिला वीज लागते, तीही झकास.
"थांब पोरा," मी म्हणालो,
"तू वाजवलीस तर चहाची किटलीपण चांगलीच वाजंल.
माझ्याकडं दे."

लाल मांडीवर घेतली,
तिचं पोट, माझं पोट,
उजवा हात दोन्ही डोंगर ओलांडून पलीकडं पोचेना.
तरी धरून बसलो. रंगासाठी माणूस काय काय करतो.
मग बाराव्या पट्टीपाशी डोळा लावला,
जॉब बघतो तसा, दुसरा मिटून.
गेजची पाती जोडून तारेखाली सारली.
सव्वा सूत.
चाचांनी गेज हातात घेऊन उलटसुलट पाहिला.
"रंग भारी हाय," ते म्हणाले,
आणि बऱ्याच वेळानं,
"खरं मान वाकलीया."

"नव्या माणसाला ही बघा. नायलॉनची.
पट्टी रुंद, बोटास्नी तरास न्हाई."
दाबली.
काहीच लागलं नाही.
माझ्या बोटांना तसं बरंच काही लागत नाही आता:
स्टीलचा गरम पेला, लोखंडाचा कीस,
सुगंधाच्या कपाळाचा ताप.
त्यासाठी आम्ही थर्मामीटर आणला,
तो तिनं देवघराच्या कप्प्यात ठेवलाय.

"लोखंडी तारेची दाखवा."
"चावंल ती. दोन महिनं लई चावंल.
निम्मी माणसं परत आणून देत्यात."
"दाखवा तर."

मधल्या अंगाची निघाली, लाकडाच्याच रंगाची,
एका कडेला टवका उडालेला.
पाऊण सूत. हात पुरला.
दाबली.
करंगळीशेजारच्या बोटात,
खोल, कुठंतरी अगदी आत,
बारीक काहीतरी टोचलं.
परत दाबली. परत.
सूर काही निघाला नाही, नुसती फरफर.
सुहेल रस्त्याकडं बघायला लागला.
मी दाबतच राहिलो.

पाच हजार आठशे. टवक्याचे तीनशे कमी,
पिशवीचे साडेतीनशे जास्त.
म्हणजे कमी काहीच नाही.

पैसे मोजताना विचारलं,
"आणि दोन महिन्यांनी?"
"मग घट्टं पडतंय की," चाचा म्हणाले,
"मग काय कळत न्हाई. मग सोपं."
चांगली बातमी सांगतात तसं सांगितलं.

पाठीवर गिटार, स्प्लेंडरवर मी.
दसरा चौकात सिग्नल लागला.
डाव्या हाताची बोटं क्लचवर चुरचुरत होती,
चारही, वेगवेगळी.
दोन महिने.
म्हणजे पाडव्यापर्यंत.

हिरवा पडला तरी कुणीतरी हॉर्न देईपर्यंत
तिथंच होतो.
पुढं गेल्यावर लक्षात आलं,
गेज चाचांच्या काउंटरवरच राहिला.