न मिटणारी

आधीची घडीची होती. खिशात मावायची.
वीस वर्षं गुण्यागोविंदानं राहिली,
मग तैलबैलाच्या पायथ्याशी, ऐन आश्विनात,
एका वेलीचं जून खोड कापताना
मिटली ती, माझ्या तर्जनीवर.
पाच टाके.
नमुना क्रमांक चारशे बाराच्या कागदावर
अजून एक तपकिरी डाग आहे.
खाली मी लिहून ठेवलंय :
हा रंग वनस्पतीचा नव्हे.

म्हणून शनिवारी बोहरी आळी,
हातगाड्यांनी तोंड बुजायच्या आत.
पहिल्या दुकानात विचारलं, "भाजीसाठी का?"
म्हटलं, हो, पण जिला अजून नाव नाही अशी.
हुसेनीभाईंनी विचारलं, "काय काय कापणार?"
तेव्हा मी स्टुलावर बसले.

एकेक काढून ते काचेवर ठेवत गेले.
हातात एकही दिली नाही.
सुरी हातोहात देऊ नये, भांडण होतं,
आमच्यातही आहे म्हणाले.
एकानं ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची.

एकीच्या पाठीला दाते, बुडाला होकायंत्र, पोटात काडेपेटी.
तिला रान नको होतं, आरसा हवा होता.
एक चकचकीत. गंज म्हणून चढणार नाही.
आणि धार?
"गेली तर ओढ्यातल्या दगडावर परत यायची नाही,"
हे त्यांनीच सांगितलं, गिऱ्हाईक जाईल याची भीड न बाळगता.
तिसरीच्या मुठीवर मी टिचकी मारली.
पोलाद अर्ध्यातच संपलेलं,
पुढे नुसतं लाकूड बोलत होतं.

धाऊ ढेबे सांगायचा :
पातं चार बोटं, मूठ पाच.
मूठ मोठी असली की माणूस विचार करून कापतो.
आणि सुरीनं खणू नका बाई,
कंदाला काठी आहे.
स्वतः मात्र कोयतावाला,
कमरेच्या आकडीत अडकवलेला.
चालताना टक टक वाजायचा.
त्या आवाजामागे मी बारा पावसाळे चालले.
नंतरचे तीन, अंदाजानं.

चौथी काळपट. जुन्या कानशीची केलेली,
नीट पाहिलं तर पाठीवर रेघा अजून दिसतात.
शिसवी मूठ, तीन पितळी खिळे,
मधला जरासा वाकडा.
मुठीत धरली आणि
टाक्यांची जागा दुखली नाही.
"गंजेल हां. तेल लावत जा. खोबरेल चालेल."
म्यान चामड्याचं, कमरपट्ट्यात ओवायचं.
कुर्त्याला कमरपट्टा नसतो
हे म्यान शिवणाऱ्यांना कुणी कळवलेलं नाही.
भाईंनी दोन टाके उसवले,
पिशवीच्या बंदाला ते बसतं केलं.
साडेसहाशे. पन्नास सुटले.

मंडईच्या मेट्रोत पिशवी यंत्रातून गेली
आणि पडद्यावर सगळ्यांना दिसली :
डबा, भिंग, टीपकागदाची चळत,
आणि त्यांच्यात आडवी झोपलेली ती.
"मिटते का?" छातीवर नाव, खुटवड.
"नाही. तेवढ्यासाठीच घेतली."
वनखात्याचं पत्र दाखवलं.
त्यात 'आवश्यक साहित्य' एवढंच होतं.
त्यानं ते दोनदा वाचलं.
मग बोटभर पातं बाहेर काढून
अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
घसरलं नाही. रुतलं.
"चांगली घेतलीत," तो हळू म्हणाला,
"आमच्या भोरला असली मिळत नाही आता.
पण गाडीत नाही जाणार मॅडम."
आणि टेबलावर ठेवली.
मी उचलली.

चालत निघाले. लक्ष्मी रस्ता, लकडी पूल,
खाली मुठेत गुडघाभर हिरवं पाणी,
वर मी, भर दुपारी, हत्यारबंद.
कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
म्यान पाण्याच्या बाटलीवर आपटत होतं.
बंद एक बोट आवळला असता तर थांबलं असतं.
एरंडवण्यापर्यंत नाही आवळला.

खोबरेल संपलंय घरातलं. आणायला हवं.