सांधा

यिर्गालेम माझ्या डावीकडे उभा असतो.
कॉड मासा त्याच्याकडे डोक्यासकट येतो,
माझ्याकडे डोक्याविना.
हुद्दा म्हणाल तर एवढाच.

अस्मारात तो पूल बांधायचा.
इथे ट्रॉम्सोत त्याची पदवी
चौदा महिने कुठल्याशा खणात पडून.
दर महिन्याला उत्तर येतं, इतकं नम्र
की हात लावला तर बोटं गारठावीत.

माझं बरंय. मी कौनासला बुटांच्या दुकानात होते.
विसरावं लागेल असं मला काही येतच नव्हतं.

पहाटेच्या बसमध्ये
(पहाट आपली म्हणायची, नोव्हेंबरात ती होत नाही)
पूल लागला की त्याचं बोलणं थांबतं.
चाकाखाली सांधे वाजतात. टक्. टक्.
सातव्याला तो मान कलती करतो.
"हा सैल आहे," म्हणाला एकदा,
डॉक्टरने शेजारच्या पोराचा खोकला ऐकावा तसा.

त्याने पत्र लिहिलं. नॉर्वेजियन मी तपासलं,
म्हणजे चुका दोघांनी मिळून केल्या.
नगरपालिकेचा फॉर्म विचारत होता: व्यवसाय?
बराच वेळ पेन नुसतं धरून बसला,
मग लिहिलं: प्रवासी.

मार्चमध्ये नारिंगी जाकिटातली माणसं आली.
पुलाची एक बाजू आठ दिवस बंद.
कामावर पोचायला उशीर झाला म्हणून
आम्हा दोघांचे अर्ध्या तासाचे पैसे कापले.

आता सातवा वाजत नाही.
तरी तो मोजतो. सहा,
मग ओठ मिटून एक,
मग आठ.