नववा

लतालीच्या शाळेत वीज आहे तोवर उरकायचं.
नऊ म्हातारे, नऊ मायक्रोफोन, एक लॅपटॉप,
आणि मी, कुतैसीहून आलेली, ड्रायव्हर लिहिणारी,
गाण्यातलं ओ की ठो न कळणारी.
लॅपटॉपचा स्वतःचा आवाज आधीच बंद केला,
तेवढीच एक जागा सुटली.

आमच्यात मोजणी शून्यापासून.
चिचिको शून्य. बेखान सात.
मुशनी आठ,
आणि आठ नाहीच.
पडद्यावर वजा एकोणीस:
असं उपकरण अस्तित्वात नाही.
उपकरणामागे मुशनी बसलेला,
गुडघ्यावर टोपी, खोकतोय.

शोधत गेले. एका जुन्या फाइलीत एक ओळ:
कमाल कार्डं, आठ.
शेजारी शेरा नाही, कारण नाही.
कुणीतरी कधीतरी म्हणालं असेल, आठ पुरेत,
आणि जेवायला उठलं असेल.
मी बत्तीस केले.

नवा कर्नल बांधून व्हायला चाळीस मिनिटं.
तेवढ्यात त्यांनी कुब्दारी संपवली,
माझ्यासाठी एक तुकडा झाकून ठेवला.

यंत्र पुन्हा उठलं, तर सगळे आकडे फिरलेले.
आधी जागा होईल तो शून्य, असा इथला न्याय.
चिचिको चार झाला होता.
"सत्तर वर्षं सुरुवात मी करतो," तो म्हणाला,
"हे कोण मला चौथा बसवणारं?"
मग आकडे सोडले.
कोणती वायर कोणत्या खोबणीत, त्यावरून नावं बांधली,
वायरींना लोकरीचे धागे: चिचिकोला तांबडा,
मुशनीला उरलेला करडा.

आणि तरी, वजा अठ्ठावीस.
जागा शिल्लक नाही.
हा आठ कुणी लिहिलेला नव्हता.
एका मिलिसेकंदात तारेतून मावतं तेवढंच मावतं;
तांब्याची फाइल उघडून
आकडा खोडता येत नाही.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही.
मुशनी उठला, खुर्ची फरफटत नेली
बेखानच्या डाव्या खांद्याशी.
"मी इथंच बसतो," म्हणाला.
"सकाळी तूच उठवलंस."

घरी येऊन ती फाइल कितीदा ऐकली.
दोन खर्ज आहेत हे मला माहीत आहे.
लाटेत एकच दिसतो,
फक्त मध्ये एक खोकला, तो कुणाचा ते कळतं.

बत्तीसचा बदल अजून पाठवलेला नाही.
कारण लिहायची रकाना रिकामा आहे.
आकडा बरोबर आहे.
काय लिहू?