हा कागद काय मागतोय

शाळेच्या कचेरीत माझं एकविसावं वर्ष.
विनिपेगमधली उणे एकतीसची सकाळ, बॉयलर बंद पडलेला,
आणि मी रात्रीच सगळ्यांना कळवलं होतं: उद्या सुट्टी.
अकरा भाषांत. यंत्राकडून करून घेतलेल्या.
तरी पावणेनवाला दारात दोघं उभी:
सिराक, दुसरीतला, पापण्यांवर हिम धरलेला,
आणि त्याची आजी लेतेब्रहान,
पांढऱ्या शालीवर कुणाचं तरी हॉकीचं जॅकेट चढवलेली.
निरोप आईच्या फोनवर गेला होता.
आई बेकरीत रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये.

आत घेतलं. कचेरीत एक छोटा हीटर होता,
त्याच्याभोवती आमचे सहा बूट ठिबकत राहिले.

आजीनं पिशवीतून गठ्ठा काढला.
सप्टेंबरपासूनचे सगळे कागद, रबरबँड लावलेले,
घराची खरेदीखतं जपावीत तसे.
एकेक माझ्यासमोर ठेवत ती काहीतरी म्हणाली.
सिराक चुळबुळला. मग म्हणाला,
"आजी विचारते, हा कागद काय मागतोय?"

मी वाचत गेले.
हा सही मागतोय. हा सात डॉलर.
हा म्हणतोय, डब्यात शेंगदाणे नकोत.
हा माझाच, शिक्षक प्रशिक्षण दिनाचा;
यंत्रानं त्याचं केलं होतं,
"शुक्रवारी शिक्षकांना वाढवण्यात येईल, मुलांना पाठवू नये."
शेजारणीनं वाचून दाखवला होता म्हणे,
आणि सोमवारी आजी फाटकाशी थांबून बघत होती
कोण किती उंच होऊन आलंय.

हसणं ओसरल्यावर तिनं पुन्हा विचारलं,
"यातला सांगणारा कोणता?"

तसा कागद माझ्याकडे नव्हता.
म्हणून तोंडीच सांगितलं:
हा संत्र्याच्या फोडी मोजून अर्ध्या ओस्तापला देतो.
विषम निघाल्या तर शेवटची दातांनी तोडतो.
याचं भाषांतर करायला सिराकनं साफ नकार दिला.
आजीनं त्याच्या लाल कानांकडे पाहिलं
आणि पुढचं काही विचारलं नाही.

तेव्हापासून निरोप मी त्यांच्या इमारतीच्या तळघरात नेते.
नऊ वॉशिंग मशीन, दोन कायमची रुसलेली.
गुरुवारी संध्याकाळी मी बोलते,
मारिसेल ते टागालोगमध्ये घोळवते,
ओस्तापची आई मधेच भांडते,
लेतेब्रहान मोजे जुळवता जुळवता मान हलवते,
आणि सकाळी पाचही मजल्यांना ठाऊक असतं
की सोमवारी दातांचे डॉक्टर येणार आहेत.
अहवालात "संपर्काचे माध्यम" असा रकाना होता.
मी लिहिलं: धुणं.

लेस्टर ओकेमाव धुण्याला येत नाहीत.
साडेतीनला रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या खांबाशी,
टॅनिस बाहेर येईपर्यंत उभे.
फाटक ओलांडत नाहीत. चौथं वर्ष.
मी पत्रं पाठवली, निमंत्रणं, चहा, केक.
मला वाटायचं, बुजरे असतील.
मग टॅनिसच सांगून गेली, स्टेपलर मागता मागता:
आजोबांच्या आईलाही शाळेचं पत्र आलं होतं.
सहा वर्षांचे होते ते. गाडीत घालून नेलं.
परतले तेव्हा आईशी बोलायला
त्यांच्याकडे शब्दच उरले नव्हते.

त्या दप्तरात मी पुन्हा पत्र घातलं नाही.

काल रस्ता ओलांडला. हात रिकामे, मुद्दाम.
वाऱ्याकडे पाठ करून त्यांच्या शेजारी उभी राहिले.
बर्फ ढकलणारी गाडी दोघांनी बराच वेळ बघितली.
मग म्हटलं, टॅनिसनं आज वर्गात आकडे म्हटले,
क्री भाषेत. चौदावर अडली.

ते काही बोलले नाहीत.
घंटा झाली. पोरांचा लोंढा.
टॅनिस धावत आली तसे ते गुडघ्यावर हात टेकून वाकले
आणि तिच्या टोपीची कड उचलून
कानात एक शब्द बोलले.

चौदा असेल. नसेलही.
मला कळवायलाच हवं असं थोडंच आहे.